समिती म्हणजे मीच!

धंद्याचं डोकं म्हणाल तर अख्ख्या कुएंका शहरात माझ्यासारखं दुसरं नव्हतं! निदान गेल्या मार्चपर्यंत माझा तसा पक्का समज होता.

मी रोमुलो तेनेसाका. फरशांच्या कारखान्यात, खरेदी विभागात चौदा वर्षं काढली. खिळ्यापासून भट्टीच्या विटांपर्यंत माझ्या सहीशिवाय पान हलत नसे. एकशेवीस कामगारांचं दुपारचं जेवणही माझ्याच अखत्यारीत. ते अकरा वर्षं दोन्या सोइला पुरवत होत्या. साठी उलटलेली विधवा बाई, म्हणून सगळे मानाने 'दोन्या' म्हणत. पण बटाट्याचं सूप असं करायच्या की भट्टीवरची माणसं सुट्टीच्या दिवशीही उगाच कारखान्यात डोकावून जायची!

मार्चमध्ये जेवणाचं कंत्राट नव्याने निघालं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. माझी बायको नार्सिसा झकास स्वयंपाक करते. मग कंत्राट आपल्याच घरी का नको?

"अरे, पण देणारा तूच आणि घेणाराही तूच? चालतं का असं?" नार्सिसाने विचारलं.

"तुझ्या माहेरच्या नावाने घेऊ. कोणाला कळतंय!"

झालं! आमच्याच स्वयंपाकघरात 'सोनेरी चमचा' नावाचा धंदा उभा राहिला. दरांची बंद पाकिटं माझ्याकडेच येत. दोन्या सोइलांचं पाकीट मी वाफेवर धरून अलगद उघडलं, आमचा दर त्याहून जरासा खाली लिहिला आणि पाकीट पुन्हा चिकटवलं. निवड समितीत कोण? मीच!

शेवटच्या दिवशी दोन्या सोइला आपली पातेली टेम्पोत चढवत होत्या.

"मी काय करणार, दोन्या? समितीचा निर्णय!" मी म्हणालो.

"तू कशाला जीव जाळतोस, बाळा?" माझ्याच पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "तुझ्या हातात असतं तर तू मला जाऊ दिलं असतंस का?"

मला टायफॉइड झाला तेव्हा याच बाई महिनाभर घरी डबा पाठवत होत्या. त्या क्षणी मला ते आठवलं नाही. खोटं कशाला बोलू? आठवलं होतं.

चौघांचा स्वयंपाक वेगळा आणि एकशेवीस जणांचा वेगळा, हे आम्हाला पहिल्याच दुपारी कळलं. सूप बुडाला करपलं, कोंबडी आतून कच्ची राहिली आणि उकडलेला मका असा निघाला की भट्टीवरच्या सेगुंदोने एक दाणा फरशीवर आपटून दाखवला. फरशीचा टवका उडाला!

तक्रारी आल्या. कोणाकडे? माझ्याकडे! मी 'सोनेरी चमचा'ला खरमरीत पत्र लिहिलं. संध्याकाळी नार्सिसा ते हातात घेऊन उभी.

"कोण मेला हा? 'हे जेवण की शिक्षा' म्हणे!"

"मीच लिहिलंय गं. कडक लिहावं लागतं."

"मग उत्तरही तूच लिही! आणि उद्याचे कांदेही तूच चीर!"

उत्तर लिहिलं. कांदे चिरता चिरता लिहिलं, म्हणून असेल, पण इतकं हृदयद्रावक उतरलं की आमच्या वरिष्ठ, इंजिनिअर पिएदाद बाई, वाचून हेलावल्या.

"रोमुलो, किती सज्जन बाई असेल ही! चला, आत्ताच तिचं स्वयंपाकघर बघून येऊ. काही मदत करता आली तर करू."

"आत्ता? आधी कळवायला नको?"

"कळवलं तर तपासणी कसली? बसा गाडीत!"

वाटेत मी तीनदा चुकीचं वळण सांगितलं. बाई फोनवरचा नकाशा बघून तीनदा बरोबर वळल्या. दार सासूबाईंनी उघडलं.

"अगंबाई, रोमुलो! भरदुपारी घरी? बरं झालं, हे चाखून बघ, मीठ फार पडलंय का?"

"तुम्हाला ओळखतात या?" बाईंनी विचारलं.

"गिऱ्हाइकांशी फार आपुलकीने वागतात," मी म्हणालो. तेवढ्यात आमचा कुत्रा माझ्या अंगावर उड्या मारू लागला. कुत्रासुद्धा आपुलकीचा!

बाई भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोसमोर थांबल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "नवरा ओळखीचा वाटतो," त्या हळूच म्हणाल्या.

मी घडाघडा सगळं सांगून टाकलं. पाकिटाचंही. त्या चिडतील असं वाटलं होतं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पहिल्याच दिवशी मला येऊन सांगितलं असतंत ना, रोमुलो, तर पाकिटं मी दुसऱ्याला उघडायला दिली असती. तुमच्या बायकोने कंत्राटासाठी दर भरायला कोणाची हरकत नव्हती. एवढंच करायचं होतं."

एवढंच! चौदा वर्षांची नोकरी त्या एका शब्दात गेली.

दुसऱ्या दिवशी मी दोन्या सोइलांच्या घरी गेलो आणि मान खाली घालून त्यांनाही सगळं सांगितलं. त्या बटाटे सोलत होत्या. हात थांबले.

"समितीला मी आठवडाभर शिव्या घातल्या रे," त्या म्हणाल्या. "तुला एकही नाही."

मी समोरचा एक बटाटा उचलून सोलायला लागलो.

कारखान्याने त्यांना परत बोलावलं. आता त्यांच्या हाताखाली नार्सिसा काम करते. एकशेवीस जणांचा मका मऊ कसा शिजवायचा ते शिकली. परवा धीर करून मीही विचारलं, "दोन्या, मलाही ठेवून घ्या ना. भांडी घासेन."

"नको रे बाबा!" त्या म्हणाल्या. "तूच घासशील आणि स्वच्छ निघाली म्हणून सहीही तूच करशील!"