आबासाहेबांनी मिशी काढली

रविवारी चार वाजता पाहुणे मुलगी बघायला यायचे होते आणि त्याआधी आपण तरुण दिसलं पाहिजे, हे आबासाहेबांनी गुरुवारीच ठरवून टाकलं. त्यांचं वय चोपन्न. या निर्णयाला कारण झाला मुलाच्या वडिलांचा फोटो. कोपरगावचे हे गहिनीनाथ व्हॉट्सॲपवर जीन्स घालून बुलेटला टेकून उभे होते आणि आपल्या मुलापेक्षा, म्हणजे हर्षलपेक्षा, बरे दिसत होते. आबासाहेबांच्या लेकीने, राजनंदिनीने, सतरा स्थळं नाकारून या अठराव्याला होकार दिला होता. मुलीचा बाप म्हातारा दिसला तर सोयरीक हातची जाईल, असं आबासाहेबांच्या मनाने घेतलं. तसं त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

तीन दिवस ते मोबाईलवर एका माणसाचं ऐकत होते. पन्नाशीनंतर तरुण कसं राहावं, हा त्याचा विषय. विरळ केस ठेवण्यापेक्षा गोटा करा, पिकलेली मिशी वय दहा वर्षांनी वाढवते म्हणून ती काढा, ताठ चाला आणि मनाच्या शांतीसाठी सकाळी मोबाईल बंद ठेवा, असं तो सांगे. आबासाहेबांना सगळं पटलं. बायकोला मात्र त्यांनी यातलं काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी मोबाईल बंद करून ते कोल्हारच्या एका नव्या सलूनमध्ये जाऊन बसले. "डोकं, मिशी, समदं काढ," ते म्हणाले. सलूनवाल्याने लगेच टीव्ही बंद केला. "देवाची मर्जी," एवढंच बोलून त्याने वस्तरा चालवला. माणूस देवभोळा दिसतो, असं आबासाहेबांना वाटलं.

बाहेर आल्यावर ऊन टाळूला चटके देऊ लागलं, म्हणून त्यांनी शेजारच्या दुकानातून एक पांढरी टोपी आणि खांद्यावर टाकायला नवा टॉवेल घेतला. आता आपल्याकडे वडील गेले की दहाव्याला मुलगा डोकं आणि मिशी काढतो आणि सोयरे त्याला टोपी-टॉवेल देतात. आबासाहेब असल्या शंभर दहाव्यांना हजर राहिले होते. पण त्या घडीला त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त बुलेट होती.

त्याच वेळी पुणतांब्याचा सुनील पिकअपमधून चालला होता. सोयरीक त्यानेच जुळवली होती. त्याने आबासाहेबांना पाहिलं आणि फोन लावला. फोन बंद! मग त्याने दोन फोन केले. एक गहिनीनाथांना, दुसरा आबासाहेबांच्या आत्याला, साळूबाईला.

वस्तीवर पुष्पावती पोह्यांसाठी कांदा चिरत होती. नवऱ्याला बघताच तिच्या हातातली सुरी गळाली.

"अगं बाई! नानांना काय झालं?"

"नानांना काय व्हायचंय?"

"सकाळी फिरायला गेले ते अजून आले न्हाईत. आन तुमी असे!"

"मी तरुण दिसायला केलंय."

पुष्पावतीने गळालेली सुरी उचलली. "पाव्हनं चारला येत्यात," ती म्हणाली. "तवर उगवंल का?"

इतक्यात दारात टेम्पो थांबला. आत अकरा बायका होत्या आणि सगळ्यांच्या पुढे साळूबाई. "दादा रं माझ्या!" म्हणत ती उतरली आणि तिने पहिली थप्पड आबासाहेबांच्या पाठीत घातली.

"आब्या, दहावा उरकलास आन मला दादाचं तोंडसुदिक दावलं न्हाई?"

"आत्या, नाना चांगले जित्ते हायती."

"मग दाव!"

नेमके तेच दाखवता येईनात. नाना, म्हणजे आबासाहेबांचे वडील कानिफनाथ, ब्याऐंशी वर्षांचे होते आणि मोबाईल वापरत नव्हते. रडारड ऐकून आजूबाजूच्या वस्त्यांवरून दुखवट्याची पिठलं-भाकरी यायला लागली. आबासाहेबांनी मोबाईल चालू केला, तेवढ्यात तो वाजला.

"आबासाहेब, मी गहिनीनाथ. पोरगी बघायचा कार्यक्रम आता न्हाई. निघालोच हाय तर भेटून जातो. पन मयत लपवून पोरगी दाखवायची, हे तुमी बरं न्हाई केलं."

फोन कटला. दारामागे राजनंदिनी उभी होती. "पप्पा, सतरा जनांना मी न्हाई म्हनले," ती म्हणाली, "एकालाच हो म्हनले हुते." आणि ती आत निघून गेली. आबासाहेबांना वस्तरा आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली.

मग ते नानांना शोधायला निघाले. प्रवरेचा घाट झाला, देऊळ झालं, दूध डेअरी झाली. जो भेटे तो हात हातात घेऊन म्हणे, "लई वाईट झालं." पहिल्या पाच जणांना त्यांनी खुलासा केला. पुढे पुढे ते नुसताच हात सोडवून घेऊन चालू लागले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, नदीकाठ आणि हे ऊन. खरंच काही झालं असेल तर? तीन दिवस आपण स्वतःच्याच वयात गुंतलो आणि बापाचं वय विसरलो, हे त्यांना भर रस्त्यात कळलं.

नाना तेव्हा राहात्याच्या रस्त्यावर उभे होते. नातीचे पाहुणे येणार म्हणून ते एसटीने पेरू आणायला गेले होते आणि हे घरी सांगायचं राहून गेलं होतं. डोक्याला फेटा, झुपकेदार मिशी, हातात पिशवी. त्यांनी हात केला तशी एक जीप थांबली.

"कुठं निघालात?" नानांनी आत बसत विचारलं.

"कोल्हारला, भेटायला," पुढे बसलेले गहिनीनाथ म्हणाले. "कानिफनाथ वारले. तुमच्या वळखीचे हुते का?"

नानांनी पिशवी मांडीवर घेतली. "ल्हानपनापासून," ते म्हणाले. "कशानं गेले?"

"झोपेत गेले म्हनं."

"बरं झालं. हाल न्हाई झाले." मग ते म्हणाले, "मीबी येतो. कोन कोन रडतंय बघू."

जीप वस्तीवर आली तेव्हा नाना कुठेच न सापडल्याने परतलेले आबासाहेब ओट्यावर मान खाली घालून बसले होते. गहिनीनाथ आधी उतरले, त्यांच्यामागून हर्षल. बुलेटचा तो फोटो बराच जुना असावा, कारण पोट त्यांच्याही आधी खाली उतरलं होतं. त्यांनी वाकून आबासाहेबांच्या पायांना हात लावला.

"तुमी कानिफनाथांचे थोरले बंधू का?"

आबासाहेबांनी मान वर केली. जीपमधून नाना उतरत होते. आबासाहेब धावत गेले, त्यांच्या गळ्यात पडले आणि चारचौघांत हुंदके देऊन रडू लागले.

"रडू द्या त्यांना," गहिनीनाथ हळूच हर्षलला म्हणाले.

"आरं येड्या, रडतो कशाला?" नाना पाठीवर हात फिरवत म्हणाले. "मिशी काय, येती परत."

तेवढ्यात आतून साळूबाई आली. ती किंचाळली, "दादा!" गहिनीनाथांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा नानांकडे पाहिलं.

"मीच तो," नाना म्हणाले. "झोपेत गेलेला. आत या, पेरू आनलेत."

गहिनीनाथ बाजेवर बसले आणि पोट धरून हसले, ते पाणी प्यायला दिल्यावरच थांबले. पाहुण्यांनी शेजाऱ्यांची पिठलं-भाकरी खाल्ली, राजनंदिनी समोर येऊन बसली आणि सुपारी तिथेच फुटली. हर्षलने मोबाईल फोटोसाठी एव्हाना येऊन पोचलेल्या सुनीलच्या हातात दिला आणि सगळ्यांना ओळीत उभं केलं. या गोंधळात कोण कोणाचं, हे त्याला अजून नीट उमगलं नव्हतं.

"मुलीचे वडील मधे या," असं म्हणत त्याने नानांना अदबीने मध्ये आणलं आणि आबासाहेबांना म्हणाला, "आजोबा, तुमी जरा कडंला."

आबासाहेब कडेला सरकले. नानांचा हात मात्र त्यांनी धरून ठेवला होता.