रावसाहेबांचा राहिलेला गोल

आमच्या बोळात रोज संध्याकाळी माणसं मोजली जातात. सगळ्या पेठेत दुसरीकडं कुठं ही पद्धत असेल असं मला वाटत नाही. दिवेलागणीला हवालदारकाका ओट्यावरून उठतात, पाठीमागं हात बांधतात आणि प्रत्येक दारात थांबून मान हलवत मोजत जातात. मी कणीक मळत असले तरी हात वर करावा लागतो. आमचे हे न्हाणीत असले तर आतून "हजर" म्हणून ओरडतात. नवा भाडेकरू आधी घाबरतो, मग चिडतो आणि महिनाभरात गावाला जाताना काकांना सांगून जायला लागतो.

काकांची सगळी नोकरी तुरुंगात गेली. म्हणजे पहारा देण्यात. हे मी मुद्दाम सांगते, कारण काका सांगत नाहीत. खोली बघायला आलेल्या माणसाला ते सहज म्हणतात, "मी लई वर्सं आत हुतो." तो माणूस पुन्हा दिसत नाही.

मी माहेरी अक्कलकोटला निघाले की विचारतात, "पॅरोल किती दिसांचा?" त्यांचा मुलगा पुण्याला असतो. तुरुंगातल्या भेटीला मुलाखत म्हणतात, म्हणून तो दिवाळीत दोन दिवस आला की काका बोळभर सांगतात, "पोरगा मुलाखतीला आलाय." आम्ही हसतो. तेही हसतात, पण जरा उशिरा.

मोजून झालं की काका ओट्यावर टेकतात आणि रोज एकच बोलतात, "टोटल जुळंना. कमी हाय."

"कोण पळालं हो काका?"

"पळालं न्हाय कुणी. पर कमी हाय."

किती कमी, ते कधी सांगायचे नाहीत. काकूंना जाऊन काही वर्षं झालीत. आम्ही समजायचं ते समजून आपापल्या भाकरीकडं वळायचो.

तर मागं तो सिनेमा लागला. तुरुंगातले कैदी फुटबॉल खेळतात आणि पहारेकऱ्यांना हरवतात, असा विनोदी सिनेमा. माझी मुलगी मुक्ता म्हणाली, काकांना न्यायलाच पाहिजे. आम्ही बोळातली पाचसहा जणं गेलो. पहिला अर्धा तास काका गप्प होते. मग जेलरनं कैद्याच्या खांद्यावर हात टाकला आणि काका म्हणाले, "आसं आस्तंय व्हय कुटं?" तिथून जे सुरू झालं ते थांबेना. पडद्यावर विजेच्या दिव्यात शेवटची मॅच रंगात आली आणि काका उभेच राहिले.

"आंदार पडला की. बराकीत बंदी कवा झाली ह्यांची? कुणी मोजलं का न्हाय?"

"ओ काका, खाली बसा की," मागनं कुणीतरी ओरडलं. काका बसले, पण शेवटचा गोल बघितलाच नाही. मान खाली घालून आपल्या गुडघ्यांकडं बघत राहिले.

परत येताना रिक्षात मुक्तानं त्यांना बोलतं केलं. अशीच एक मॅच काकांच्या तुरुंगात झाली होती. एकीकडं कैदी, एकीकडं पोटं सुटलेले पहारेकरी, गोलात काका. कैद्यांमध्ये केम गावचा एक रावसाहेब होता. बांधावरच्या भांडणात काठी चालवली म्हणून आत आलेला. नावच रावसाहेब, त्यामुळं मोठ्या साहेबांनासुद्धा त्याला साहेब म्हणावं लागायचं, आणि साहेबांना ते अजिबात आवडायचं नाही. पण पायात चेंडू आला की रावसाहेब कुणाचं ऐकायचा नाही.

सामना बरोबरीत होता. रावसाहेब सगळ्यांना चकवून पुढं आला, काका त्याच्या अंगावर झेपावले आणि तोंडावर पडले. समोर गोल मोकळा. आणि तेवढ्यात बंदीची घंटा झाली. ती झाली की प्रत्येक कैद्यानं असेल तिथं जोडीनं खाली बसायचं, मोजून घ्यायचं आणि बराकीत जायचं.

"समदे बसले," काका म्हणाले. "रावसाहेब बी बसला. जोडीला कुणी नव्हतं, म्हून चेंडूच्या शेजारी बसला. आमी लई हासलो. मग मी त्याचं त्वांड बगितलं."

साहेबांनी सामना बरोबरीत सुटला म्हणून जाहीर केलं. रावसाहेबानं पुन्हा चेंडूला पाय लावला नाही.

मग मुक्ता म्हणाली, "काका, हा सिनेमा रिमेक आहे. आधी दुसऱ्या भाषेत होऊन गेलाय."

"रिमेक म्हंजे?"

"झालेलं पुन्हा करायचं. मागच्या वेळी काही राहिलं असेल तर ते नीट करून."

"आसं करता येतंय?" काकांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोजणीचा चार्ज माझ्याकडं दिला आणि केमची गाडी पकडली. संध्याकाळी मी इमानदारीत सगळी दारं फिरले. रात्री काका आले तेव्हा ऐटीत सांगितलं, "टोटल जुळली, काका."

"तुमाला मोजता येत न्हाय," ते म्हणाले.

रावसाहेब भेटला होता. केममध्ये कुंकवाच्या कारखान्यात काम करतो, हात मनगटापर्यंत लाल. काकांना बघून आधी चपापला, मग चहा पाजला. म्हणाला, गावात आता त्या दिवसांचं नाव निघत नाही, तुम्ही कशाला उकरून काढता? रविवारी येऊन राहिलेला गोल मारा, असं काकांनी सांगितलं, तर येणार नाही म्हणाला.

"मग झालं की," मी म्हटलं.

"पर गाडीची येळ इचारली त्यानं," काका म्हणाले.

एवढ्यावर काकांनी रविवारी सकाळपासून बोळ झाडला. दोन विटा मांडून गोल केला. नवा चेंडू आणला. खाकी शर्ट घातला, त्याची वरची दोन बटणं काही लागेनात. दुपारची गाडी येऊन गेली. काका ओट्यावर चेंडू मांडीवर घेऊन बसलेले. चहा दिला तर तसाच निवला. मला इतका राग आला त्या रावसाहेबाचा, काय सांगू.

ऊन उतरल्यावर बोळाच्या तोंडाशी एक वाळलेला, टोपीवाला माणूस दिसला. स्टेशनवर उतरून तो बराच वेळ परतीच्या गाडीची वाट बघत बसला होता, हे आम्हाला नंतर कळलं. त्यानं काकांना वाकून नमस्कार केला आणि कागदाची पुडी पुढं केली.

"वैनींसाठी. केमचं कुक्कू हाय. संक्रांतीला आमच्या टीमला शेंगाच्या पोळ्या धाडल्या हुत्या त्यांनी. कुटं हायती?"

आम्ही सगळ्यांनी काकांकडं बघितलं.

"आत हाय," काका म्हणाले आणि पुडी खिशात ठेवली. "आदी तुमचं काम करा."

मग काका विटांच्या पुढं, धुळीत, सरळ आडवे झाले. आम्ही उठवायला धावलो.

"व्हा बाजूला. त्या वक्ताला मी पडल्यालोच हुतो. हुबा ऱ्हायलो तर अडवंन मी."

रावसाहेबानं चपला काढल्या. चेंडू पायाशी घेतला. गुडघे कुरकुरत होते, तरी पाय ओळख विसरला नव्हता. चार पावलं तो पळत पुढं आला आणि तेवढ्यात कोपऱ्यावरच्या महादेवाच्या देवळात आरतीची घंटा झाली. रोज होते. आमच्या कुणाच्याच ध्यानात राहिली नव्हती.

रावसाहेब थांबला. चेंडूवरची नजर गेली. गुडघा वाकला, एक हात जमिनीला टेकला. बोळात कुणी हसलं नाही.

"बसू नका, रावसाहेब," काका धुळीतून म्हणाले. आवाज हवालदाराचाच होता. "ती घंटा तुमची न्हाय. मारा."

त्यानं मारला. चेंडू विटांमधून निघाला तो थेट माझ्या तुळशीच्या कुंडीवर. कुंडी फुटली. मी पहिली टाळी वाजवली.

रावसाहेब तिथंच उभा राहून रडायला लागला. काका उठून त्याचा खांदा थोपटत म्हणाले, "व्हय, व्हय. झालं की आता." सिनेमात जेलरच्या ज्या हाताला नावं ठेवली होती, तसाच हात.

माझ्या घरची भाकरी-चटणी खाऊन रावसाहेब गाडीला गेला. जाताना काकूंच्या फोटोपुढं उभा राहिला, तेव्हा काकांनी खिशातली पुडी त्याच्या हातात दिली. कुंकू त्यानंच लावलं.

काकांनी मग मोजणी काढली. उशीर झाला होता, तरी प्रत्येक दारात थांबले. ओट्यावर टेकल्यावर मी सवयीनं विचारलं, "काय काका, जुळली का टोटल?"

"न्हाय," ते म्हणाले. खिडकीतून फोटो दिसत होता, तिकडं बघत राहिले. "पर आता येकच कमी हाय."