समाधानी विद्यार्थिनी क्रमांक एक

नैवेद्य देवाला दाखवायचा असतो आणि खायचा आपण असतो. उत्तम प्रशासनाचे सगळे सार या एका रीतीत आले आहे, पण ते उमजायला माणूस निदान अधीक्षक तरी असावा लागतो. नाशिकच्या एका विद्यापीठात (नाव सांगत नाही, त्यांना प्रसिद्धीचे वावडे नाही, आम्हाला भांडणाचे आहे) विद्यार्थी सेवा कक्षाचे अधीक्षक वाल्मीक अहिरराव यांना ते अगदी वेळेवर उमजले.

यंदा त्यांच्या कक्षाचे नाव राज्यस्तरीय सेवा-गुणवत्ता पुरस्काराच्या शेवटच्या फेरीत आले होते. अहिररावांनी आयुष्यभर दुसऱ्यांना शाली पांघरवल्या. त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर साधा पंचा पडला नाही. उलट त्यांच्या सटाण्याच्या व्याह्यांकडे तीन स्मृतिचिन्हे होती, त्यातले एक तर कांद्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेले. दर दिवाळीला त्या काचेच्या कपाटासमोर बसून फराळ करताना अहिररावांच्या घशाखाली चकली उतरत नसे.

पुरस्काराची मानके मोठी कडक. खिडकीसमोर रांग नसावी, हे पहिले. रांग तातडीने कॅन्टीनच्या मागे हलवण्यात आली आणि खिडकीसमोरची गर्दी शंभर टक्के घटली. कर्मचाऱ्यांचा चेहरा हसरा असावा, हे दुसरे. खिडकीवरच्या नवसाबाई गावित यांनी मनापासून सराव केला, तेव्हा पोरे "मॅडम, दाढ दुखतेय का?" असे विचारू लागली. तक्रारपेटी असावी, हे तिसरे. ती होती. (तिला किल्ली असावी, असे मानकात कुठेही म्हटलेले नाही.) चौथे मानक मात्र जिवावर बेतणारे निघाले. समितीच्या डोळ्यांदेखत एका विद्यार्थ्याचे काम पूर्ण करून दाखवावे!

आता आली का पंचाईत! काम पूर्ण करून दाखवायचे तर ते आधी तयार हवे. सगळी कपाटे उपसल्यावर एकच काम तयार सापडले. नामपूरच्या रूपाली भामरेचे मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात शिकायला जाणाऱ्याला लागणारा दाखला. सही झालेली, शिक्का मारलेला. (हे इतक्या लवकर कसे झाले, याची चौकशी चालू आहे.) नवसाबाई तो खिडकीतून रूपालीच्या हातात देतच होत्या, एवढ्यात अहिरराव ओरडले.

"अहो, थांबा! काय करताय?"

"काम करतेय, सर."

"तेच नको आत्ता!"

मग त्यांनी रूपालीला आत बोलावले, खुर्ची दिली. "बाळ, तुझं काम झालेलंच आहे. फक्त ते समितीसमोर व्हायचंय."

"सर, पुढच्या शुक्रवारपर्यंत पुण्याला दाखला दिला नाही तर माझी एम.एस्सी.ची सीट जाईल."

"समिती सोमवारी येतेय. शुक्रवार काय पळून चाललाय?"

तालमी सुरू झाल्या. नवसाबाई हसत, दाखला देत. रूपाली "मी समाधानी आहे" म्हणे. सगळा कक्ष टाळ्या वाजवी. आणि दत्तू शिपाई दाखला परत कपाटात ठेवी. एकदा रूपालीने तो घट्ट धरून ठेवला. दत्तूने तो हळूच, पण सरकारी ताकदीने सोडवून घेतला. "ताई, जावक क्रमांक टाकला नाय अजून. तवर ह्यो नुसता कागदच हाय."

संध्याकाळी रूपालीच्या आईचा, साळूबाईंचा, फोन आला. "व्हयनं का काम?"

"रोज व्हस माय, आनि रोज परत ली लेतस!"

(काम रोज होते आणि रोज परत घेतले जाते, ही तक्रार समजू नये. सेवेतले सातत्य म्हणतात ते हेच.)

सोमवारी समिती वणीला देवीच्या दर्शनाला गेली. मंगळवारी दर्शनाचा शीण काढला. बुधवारी मिसळ खाऊन ती कक्षात आली. नवसाबाई हसल्या, दाखला दिला, रूपाली समाधानी झाली. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी तरळले. (तर्री जरा जास्तच झाली होती, पण अहवालात "भावनावेग" अशी नोंद आहे.)

"वा! असं काम खिडकीत उरकणं म्हणजे त्या कामाचा अपमान आहे," अध्यक्ष म्हणाले. "हे शनिवारी पुरस्कार सोहळ्यात, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते झालं पाहिजे!"

दत्तूने दाखला परत घेतला.

"सर, टाकते मी नंबर. जाऊ द्या ना पोरीला," नवसाबाई काकुळतीला येऊन म्हणाल्या. "दुसरं कुणीतरी उभं करू."

"दुसऱ्या कुणाचं काम तयार आहे का?"

नवसाबाईंनी खूप आठवून पाहिले. "नाय, सर."

शुक्रवारी दुपारी रूपाली कक्षाच्या पायरीवर फोन हातात धरून बसली होती. पुण्याच्या कार्यालयात कोणी फोन उचलत नव्हते. (तेही मानांकित आहेत.) अहिररावांना वाईट वाटले, अगदी मनापासून वाटले. त्यांचीही लेक त्याच वयाची. ते उठले, कपाटाच्या मुठीवर हात ठेवला, आणि डोळ्यांपुढे व्याह्यांची तीन स्मृतिचिन्हे उभी राहिली. मग त्यांनी रूपालीला चहा पाठवला. आले घातलेला, स्पेशल, आणि स्वखर्चाने! मानकात चहाचा कुठेही उल्लेख नसताना त्यांनी हे केले, हे लक्षात घ्यावे.

शनिवारी सोहळा दणक्यात झाला. अहिररावांच्या खांद्यावर शाल पडली. पहिल्या रांगेतल्या व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या, पण बेताच्या. मग समाधानी विद्यार्थिनी क्रमांक एक व्यासपीठावर आली. तिला दाखला मिळाला, जावक क्रमांकासकट, शिवाय एक नारळ. आता तो दाखला घेऊन ती कुठल्याही विद्यापीठात जायला मोकळी होती. फक्त प्रवेश सगळीकडचे संपले होते, आणि तिच्या पुण्याच्या जागेवर आदल्या संध्याकाळीच कुणी दुसरा बसला होता. रूपालीने दाखला पाहिला आणि माईकसमोरच हुंदका देऊन ती रडायला लागली. "आनंदाश्रू!" निवेदिका ओरडली. फोटोग्राफर धावला. फोटो अप्रतिम आला.

तो तुमच्याही ग्रुपवर आला होता. जेवणानंतर, तुम्ही जरा आडवे झाला होतात तेव्हा. "नाशिकच्या लेकीचे आनंदाश्रू! अभिमानास्पद!" तुम्ही चेहरा काही नीट पाहिला नाहीत; खाली एक अंगठा आणि जोडलेले दोन हात टाकलेत आणि पुढचा मेसेज उघडलात. अहिररावांनी एकही अंगठा वाया जाऊ दिलेला नाही. कक्षाचा प्रस्ताव आता राष्ट्रीय पुरस्कारासाठी गेला आहे, आणि "सेवेबद्दल समाधान व्यक्त करणारे नागरिक" या मथळ्याखाली तुमचे नाव त्यात छापले आहे.