माझ्या ऑफिसचा आशीर्वाद

घरबसल्या धंदा काढायला डोकं लागतं, आणि ते माझ्याकडे पोतंभर आहे! फिलिपीन्समधल्या दुमागेते शहरातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी एकीत मी 'ऑफिस' थाटलं. एक टेबल, एक लॅपटॉप, मागे पांढरा पडदा. पडद्याआड बाळाचा पाळणा. दुसऱ्यांच्या कंपन्यांचे फोन मी इथून घ्यायचे, जणू त्यांच्याच कचेरीत बसलेय! पहिलं गिऱ्हाईक म्हणजे ऑस्ट्रेलियातले वकील, डेंटन साहेब. ते शनिवारी दहाला व्हिडिओवर जागा पाहणार होते. काम हुकलं, तर सोमवारपासून पुन्हा कॉल सेंटरची रात्रपाळी, आणि माझं आठ महिन्यांचं लेकरू सासूबाईंच्या हवाली.

"फादरांनी पाणी शिंपडल्याशिवाय धंदा? देव तरी फोन करेल का तुला?" सासूबाई कडाडल्या.

मी हुशार! आमच्याकडे आठ म्हटलं की माणसं नऊला उगवतात. म्हणून म्हटलं, "आठला बोलवा." साडेनऊला सगळं आटोपणार!

आठ वाजले, नऊ वाजले, साडेनऊ झाले. चिटपाखरू नाही.

दहाला साहेब स्क्रीनवर आले, अन् दारात फादर! मागे चर्चची गाणारी मंडळी, शेजारपाजार, आणि दोघांच्या खांद्यावर नवरदेवासारखं मिरवत आलेलं अख्खं भाजलेलं डुक्कर!

"आई, आठ सांगितलं होतं ना!"

"तू नेहमी अलीकडची वेळ सांगतेस गं! म्हणून मी दहा सांगितलं. फादर जन्मात पहिल्यांदा वेळेवर आले, त्याला मी काय करू?"

फादरांनी पाणी शिंपडलं. टेबलावर, लॅपटॉपवर, थेट साहेबांच्या तोंडावर. रीतीप्रमाणे सासूबाईंनी नाणी उधळली, आणि गल्लीतली सतरा पोरं टेबलाखाली घुसली! पडदा कोसळला. बाळानं टाहो फोडला.

"ही सगळी मंडळी कोण?" साहेबांनी विचारलं.

माझ्या तोंडून निसटलं, "स्टाफ, सर!"

"आणि ते बाळ?"

"ते... शिकाऊ आहे, सर!"

साहेब म्हणाले, "मॅडम, आमची दोन माणसांची कचेरी. एवढ्या मोठ्या कंपनीचा खर्च आम्हाला नाही झेपायचा. आम्ही आपली घरून काम करणारी एखादी बाई शोधतोय."

आणि स्क्रीन काळी झाली.

सासूबाईंनी डुकराच्या कुरकुरीत कातडीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "बघितलंस? आशीर्वाद लगेच लागला! सकाळी एकटी होतीस, दहा मिनिटांत मोठी कंपनी!"

सोमवारी मी रात्रपाळीला निघाले, तेव्हा माझा स्टाफ उरलेलं डुक्कर संपवत होता!