कायद्याच्या एक पाऊल पुढे

"या वेळी कायदा आपल्याला गाठणार नाही. आपणच पुढे जाऊन त्याची वाट बघत बसू," बदलसाहेब सकाळी चहा घेताना बायकोला म्हणाले.

बायको बॅग भरत होती. पलंगावर बॅग उघडी होती. तळाशी तिचे कपडे, मध्ये नातीसाठी विणलेली टोपडी आणि सगळ्यात वर साहेबांचे शर्ट. इस्त्री मोडू नये म्हणून बिचारीने केवढी काळजी घेतली, असं वाटून साहेबांना भरून आलं.

बदलसाहेब हे त्यांना रबरी वायसरच्या कारखान्यात मिळालेलं नाव. कारखान्याकडे सुरक्षा व्यवस्थेचं प्रमाणपत्र होतं. ते टिकवायचं तर सरकारने बदललेला प्रत्येक नियम वेळेवर कळायला हवा आणि कारखान्यात उतरायला हवा. हे काम साहेबांचं. सरकार नियम बदलायला कधी कंटाळत नाही आणि साहेब तर पार कंटाळून गेले होते. गेल्या वर्षी एक बदल त्यांच्या नजरेतून सुटला, प्रमाणपत्र तपासायला आलेल्या ऑडिटरने तो पकडून शेरा मारला आणि मंजूर झालेली रजा जागच्या जागी रद्द झाली. लेक बाळंत झाली तेव्हा आजोबा शेऱ्याला उत्तर लिहीत बसले होते. नात अजून त्यांनी फोनवरच पाहिली होती. या वेळी मालकांनी शब्द दिला होता, की आजचं ऑडिट बिनशेऱ्याचं पार पाडा आणि उद्या खुशाल लेकीकडे जा.

म्हणून साहेबांनी कंबर कसली होती. मध्यंतरी त्यांना एक नवा नियम दिसला. आग लागली तर कामगारांनी गेटपाशी जमू नये, मागच्या मोकळ्या जागेत जमावं. साहेबांनी त्याच दिवशी पाटी मागे हलवली, एकेका खात्याला हाताला धरून मागे नेलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पॅकिंगच्या मावशींना ती जागा पाठ करवताना तर त्यांच्या तोंडाला फेस आला.

आणि गेल्या आठवड्यात, कौतुकाने तोच नियम पुन्हा वाचताना, कोपऱ्यातला 'मसुदा' हा शब्द दिसला. चौकशी केली तर सरकारने तो मसुदा कधीच मागे घेतला होता. म्हणजे जो कायदा झालाच नाही, तो साहेबांनी इमानेइतबारे पाळला होता.

पाटी पुन्हा गेटपाशी आली. सूचना निघाली. पुन्हा सह्या.

"मावशी, सही करताय, पण वाचलंत का?" साहेबांनी विचारलं होतं.

"सही हवी की वाचायला हवं? दोन्ही एकदम जमायचं नाही," मावशी म्हणाल्या.

ऑडिटर आले तेच दमलेल्या चेहऱ्याने. कागद चाळायचाही त्यांना कंटाळा आला असावा, कारण आल्या आल्या ते म्हणाले, "आगीची तालीम दाखवा."

भोंगा वाजला. मागच्या बाजूच्या मोल्डिंगवाल्यांनी नवी सूचना वाचली होती, ते गेटकडे निघाले. पॅकिंगवाले शिकवल्याप्रमाणे मागे निघाले. दोन्ही फौजा गोदामाच्या बोळात समोरासमोर आल्या. तो बोळ एक हातगाडी जाईल एवढाच.

"तिकडे कुठे निघालात? जागा पुढे आहे."

"मागे आहे."

"मागे होती. आता पुढे आणली."

"मला साहेबांनी स्वतः मागे नेलंय," मावशी म्हणाल्या. "तुम्ही काय साहेबांपेक्षा शहाणे?"

साहेबांचा असा अपमान कोणालाच करायचा नव्हता, त्यामुळे कोणी हटेना. ऑडिटर नेमके मधोमध सापडले. मागून ढकलले जायचे, पुढून परत यायचे. गेटवर वॉचमन एकटाच उभा होता. त्याने आपलीच हजेरी घेतली आणि ओरडून सांगितलं, "मी सुखरूप आहे, साहेब!"

ऑडिटर बाहेर आले तेव्हा त्यांचं हेल्मेट एका कानावर आलं होतं. आपली रजा गेली, हे साहेबांना कळून चुकलं. ते माफी मागायला तोंड उघडणार, तोच ऑडिटर म्हणाले, "जमायची जागा गेटपाशी कशी? मागे हवी. नवा नियम वाचला नाहीत?"

साहेबांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. "सर, तो मसुदा होता. मागे घेतला."

ऑडिटरांनी आपल्या कार्यालयाला फोन लावला. बराच वेळ ऐकलं, "हो का," म्हणाले आणि जवळच्या पिंपावर बसले.

"जिथे जिथे गेलो, तिथे जागा मागे न्यायला लावली हो मी," ते हळूच म्हणाले. "आता परत जाऊन काय सांगू?"

साहेबांनी त्यांना पाणी दिलं. आपलं दुखणं ओळखणारा माणूस त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भेटला होता, आणि तो भेटला म्हणून त्यांना खरोखर आनंद झाला. मग दोघांनी मिळून तालीम पुन्हा घेतली. साहेब बोळाच्या तोंडाशी हात पसरून उभे राहिले आणि सगळे गेटवर पोहोचले. मावशी शेवटी आल्या, कुरकुरत, पण आल्या.

संध्याकाळी मालकांसमोर ऑडिटर उपकार फेडायच्या इराद्याने बोलायला उभे राहिले. "एकही शेरा नाही. उलट, कायद्यावर इतकी बारीक नजर ठेवणारा माणूस मी पाहिला नाही. त्या नियमाचा नवा मसुदा कधीही निघेल. या नजरेत एक दिवसही खंड पडू देऊ नका."

ऑडिटर जे बोलेल ते त्याच दिवशी अमलात आणायचं, हा मालकांचा बाणा होता. ते साहेबांकडे वळले. "ऐकलंत ना? खंड नाही."

"पण माझी उद्याची रजा..."

"रजा म्हणजे खंडच की हो."

घरी जाताना बायकोला कसं सांगायचं, याची साहेबांनी वाटभर तालीम केली. ती वाया गेली. बायकोने दारातच चेहरा पाहिला आणि आत गेली. बॅगेतले वरचे शर्ट तिने एका हाताने उचलून कपाटात ठेवले आणि चेन लावली. खालच्या टोपड्यांची घडीसुद्धा हलली नाही.

"म्हणून वर ठेवले होतेस?" साहेबांनी विचारलं.

"काढायला बरे पडतात," ती म्हणाली.