जानेवारीतले टोमॅटो

तान्ह्या साव्वाला खाटेसकट घरातल्या बोळात, चपलांच्या कपाटाशेजारी हलवलं, तेव्हा उल्याना नवऱ्याला, प्रोखोरला, म्हणाली होती, "फक्त दोन दिवस हं." त्याला आता तिसरा आठवडा लागला होता. चार महिन्यांचं बाळ तिथं ढाराढूर झोपायचं आणि त्याच्या खोलीत, घरातल्या एकुलत्या एका दक्षिणेच्या खिडकीत, दिव्याखाली टोमॅटोची रोपं ऐटीत उभी होती.

दोष तिच्या काळजीखोर स्वभावाचा. सैबेरियातल्या ओम्स्कमधली शहाणी माणसं टोमॅटो मार्चमध्ये पेरतात, कारण रोपं गावाबाहेरच्या वाफ्यात जायला जून उजाडतो. उल्यानाला वाटलं, आपण मागे पडलो तर? तिनं जानेवारीतच पेरले. उगवलेच नाहीत तर, म्हणून एकेका पेल्यात तीन-तीन बिया टाकल्या. एकूण एक उगवल्या. जादा रोपं उपटावीत, तर फोनवर सासूबाई कडाडल्या, "जिवंत रोप कचऱ्यात? हात तरी कसा धजावतो गं तुझा?" मग प्रत्येक रोपाला दुधाचं वेगळं खोकं मिळालं. खिडकी भरली, टेबल भरलं, इस्त्रीचं टेबलही भरलं. रोपांना उजेड हवा, बाळाला अंधार. दोघांपैकी एकाला हलवणं भाग होतं, आणि हलवायला बाळ सोपं होतं.

त्या सकाळी दवाखान्यातून फोन आला. डॉक्टरबाई बाळाला तपासायला घरी निघाल्या होत्या.

"प्रोखोर, ऊठ! खिडकीत रोपं आणि चपलांत बाळ! बघून काय म्हणतील त्या? मला आई तरी म्हणतील का?"

"मग रोपं ठेवू बाल्कनीत."

"बाहेर उणे अठरा आहे!"

"पोराला बोळात हलवताना इतकी घाबरली नव्हतीस."

"बडबड नको, उचल. न्हाणीघरात ने. टबमध्ये!"

बेल वाजली तेव्हा खाट खिडकीशी होती, रोपं टबमध्ये होती आणि साव्वा डोळ्यांवर ऊन आल्यामुळे टाहो फोडत होता. दारात डॉक्टरबाई रिम्मा ल्वोव्ना. त्यांच्या एका नजरेनं आख्ख्या इमारतीतल्या आया सरळ होत. त्यांनी कोटावरचा बर्फ झटकला.

"आधी हात धुते."

उल्यानाला टब आठवला. डॉक्टर आली की आधी हात धुते, एवढं साधं आपल्याला सुचू नये?

न्हाणीघराचं दार उघडलं. नळाचा आवाज काही येईना.

"उल्याना. इकडे ये."

"डॉक्टरबाई, मी सांगते, ते काय झालं..."

"कधी पेरलेस?"

"जानेवारीत."

"जानेवारीत! कॉलेज शिकलेली ना तू? बघ, नुसती उंच वाढलीत, अंगात जोर म्हणून नाही. घर तापवून ठेवतेस, येता-जाता पाणी घालतेस. हो की नाही?"

"सुकली तर, म्हणून..."

"सुकत नाहीत. सारखं उचलून बघणं बंद कर."

मग त्यांनी हात धुतले आणि बाळाला उलटंपालटं करून तपासलं. "छान आहे. झोप?"

खोटं बोलावं असं उल्यानाला फार वाटलं. "इथे नाही झोपत," ती कशीबशी म्हणाली. "बोळात झोपतो. चपलांपाशी."

प्रोखोर छताकडे बघू लागला.

"अंधार आहे तिथे? हवा खेळती?"

"आहे."

"मग इथे उन्हात का आणून टाकलंस बिचाऱ्याला?"

उल्यानाला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात डॉक्टरबाईंनी पिशवीतून लोकरीच्या शालीत गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या बाळासारखं हलक्या हातानं बाहेर काढलं. चार रोपं.

"ढोबळी मिरची. वेळेवर पेरलेली. घरात पाय ठेवायला जागा नाही, आणि टाकवत तर नाहीत. ज्या घरी बाळ बघते तिथे चार ठेवते."

"डॉक्टरबाई, आमच्याकडे खरंच जागा नाही हो!"

"बघू." त्या सरळ झोपायच्या खोलीत शिरल्या. खिडकीला टेकून पलंग होता आणि प्रोखोरच्या उशीवर सकाळचं कोवळं ऊन पसरलं होतं. त्यांनी उशी दाबून पाहिली, मग मागे वळून प्रोखोरला नखशिखांत न्याहाळलं.

"तुझी उंची किती रे? बोळात मावशील?"