चपलांच्या कपाटाची चावी

जानेवारी २००१, तिसरा रविवार. हजर: बस्त्याव मास्तर, मी आणि पाहुणे अकरा. गैरहजर: समितीचे बाकी सगळे, एकाच लग्नाला.

अकरापैकी चार पाहुणे भर दुपारी बारा वाजता अनवाणी उभे होते. त्यांनी अभिप्रायाच्या वहीत 'छान' लिहिलं होतं, आणि 'छान' लिहिणाऱ्याला बस्त्याव मास्तर चपला परत देत नाहीत.

भुईगावात केळीची एक जुनी वखार होती. तिथे आम्ही गावातल्या हातच्या वस्तूंचं छोटंसं कलादालन थाटलं: लाकडी खेळणी, गोधड्या, शिंदीच्या पात्यांच्या चटया आणि करंड्या. मास्तर तिथले राखणदार. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, एकटेच राहतात, रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून थेट इथे येतात. बाहेर काढलेल्या चपला कुत्री पळवायची, म्हणून मी कुलपाचं कपाट करून घेतलं आणि चावी मास्तरांकडे दिली. योजना माझीच. तिचा असा उपयोग होईल हे माझ्या यादीत नव्हतं.

"छान? छान भाताला म्हणतात. जा, परत बघा!"

एकदा एका बँकेतले साहेब सहकुटुंब आले होते. त्यांनी 'अतिसुंदर' लिहिलं. मास्तर म्हणाले, "अति तर आधी काढा. मग सुंदर का, ते सांगा." साहेब लाल झाले, पण बूट कपाटात. दोनदा आत जाऊन आले. तिसऱ्यांदा लिहिलं, 'लाकडी बैलाचा डावा कान उजव्यापेक्षा लहान आहे.'

"शाब्बास! घ्या बूट."

साहेब बुटांच्या नाड्या बांधता बांधता मला म्हणाले, "आमची ही अजून आतच आहे, बरं का!" पहिला नंबर आल्यासारखा चेहरा होता.

तक्रारी अर्थातच यायच्या. मी त्या तारीखवार लिहून ठेवायचे. मास्तर मला 'यादीबाई' म्हणतात ते त्यामुळेच.

त्या रविवारी मात्र माझ्या यादीत एक अवघड काम होतं. वस्तू क्रमांक सत्तावीस: झाकणाची करंडी, कोपऱ्यातल्या फळीवर. करणाऱ्याचं नाव: कोरं. समितीने ठरवलं होतं, नाव नसलेली वस्तू मांडायची नाही, संध्याकाळी माळ्यावर टाकायची. ती मास्तरांनीच आणली होती. मी तीनदा विचारलं होतं.

"मास्तर, नाव सांगा, मी लगेच कार्ड करते."

"राहू दे."

"मग संध्याकाळी ती माळ्यावर जाईल."

"संध्याकाळ व्हायचीय अजून," असं म्हणून ते दारातल्या स्टुलावर जाऊन बसले. पण त्या दिवशी त्यांनी पाहुण्यांना फारच छळलं. प्रत्येकाला परत आत धाडायचे आणि मान लांब करून कोपऱ्याकडे बघत राहायचे. कुणीच त्या कोपऱ्यात थांबलं नाही.

पाच वाजता एक जोडपं आलं. गोखिवऱ्याला कारखान्यात पॅकिंगला जाणारी बाई आणि तिचा नवरा, समुद्रावर निघालेले. नवऱ्याला घाई. "चल गं, अंधार होईल." ती मात्र सत्ताविसाच्या पुढ्यात उकिडवी बसली. हात न लावता, मान वाकडी करून बघत राहिली.

"कोनी इनली ही?"

मास्तर स्टुलावरून उठले. "का?"

"डावऱ्या हाताची बाई व्हती ना? आमच्या आयशीचं पातं उजवीकडं जायचं. हिचं डावीकडं जातंय." मग झाकणाकडे बोट करून म्हणाली, "आन् कड राहिलीय. सोडली नाय तिनं. राहिलीय."

मी वही पुढे केली. बाई लाजली. "मला लिवता नाय येत, ताई."

"नका लिहू," मास्तर म्हणाले. त्यांनी कपाट उघडलं. एरवी ते चपला दारात टाकतात आणि "घ्या!" म्हणतात. आज सत्तरीचा माणूस गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि त्या बाईच्या चपला तिच्या पायांपुढे, तोंड बाहेर करून, जोडीने ठेवल्या. तिच्या नवऱ्याच्याही.

ती दोघं गेल्यावर मास्तरांनी कपाटाला कुलूप लावलं. मग म्हणाले, "आमची मोनिका. डावखुरी. ही तिची शेवटची. मी चिडवायचो, सगळं उलटंच विणतेस म्हणून."

"मग नाव का नाही दिलंत?"

"नाव वाचलं की माझी बायको म्हणून लोक छान म्हणाले असते." त्यांनी चावी खिशात टाकली, परत काढली. "करंडी झाली की ती मला दाखवायला आणायची, यादीबाई. दर वेळी. मी पेपरातून मान वर न काढता म्हणायचो, छान."

मी यादी उघडली आणि 'माळ्यावर' या शब्दावर काट मारली. इतक्या आनंदाने मी आजवर कुठलंच काम रद्द केलेलं नाही. सत्ताविसासमोर 'मोनिका' लिहिलं आणि कार्डासाठी पेन उचललं.

"थांबा," मास्तर म्हणाले. "कार्ड मी लिहीन. नावाखाली एक ओळ पण हवी. नीट बघून लिहितो."

आता तीन आठवडे झाले. रोज स्टूल करंडीसमोर नेऊन बसतात, दोन शब्द लिहितात, खोडतात आणि स्वतःलाच म्हणतात, "परत बघ." समितीला मी कळवलं आहे की वस्तू फळीवरच राहील. बाकी सगळी कामं झाली. सत्ताविसाचं कार्ड तेवढं राहिलंय.